कचराबाईंचे तास

माझ्या वहिनीला विद्यापीठात सगळे कचराबाई म्हणायचे. मुलं पाठीमागे म्हणायची, शिपाई तोंडावर म्हणायचे, आणि एकदा तर कुलसचिवांच्या कार्यालयातून घरी फोन आला तेव्हा पलीकडच्या मुलीनं सरळ विचारलं, कचराबाई आहेत का. मी म्हटलं, पर्यावरणाच्या बाई आहेत, त्या चालतील का. ती म्हणाली, हो हो, त्याच. मी त्याच विद्यापीठात परीक्षा विभागात कारकून आहे. त्यामुळे हे नाव कुणी पाडलं आणि कुणीकुणी ते चवीनं चघळलं, ते मी जवळून पाहिलं आहे.

वहिनी तासिका तत्त्वावर होती. म्हणजे तास घेतला तर पगार, नाही घेतला तर घर आपलंच आहे. सुट्टी लागली की नोकरी संपायची आणि नवं वर्ष उघडलं की नवा आदेश यायचा. तो येईपर्यंत फाटक वाजलं तरी ती हातातलं काम टाकून उठायची. विषय सक्तीचा, पण त्याचे गुण कुठेच धरायचे नाहीत. शास्त्र असो, वाणिज्य असो, इतिहास असो, दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येकाला पर्यावरण घ्यावंच लागायचं आणि त्यात प्रत्येक जण पास व्हायचा. विभागप्रमुख तिला आपल्याकडचा सगळ्यात टाकाऊ तास द्यायचे, जेवणानंतरचा. मुलं बाकावर डोकं टेकायची आणि वहिनी त्या डोक्यांना ओझोनबद्दल सांगायची.

पहिल्याच वर्षी तिनं त्यांना जागं करायचा एक उद्योग केला. शिक्षकांच्या खोलीतली कचऱ्याची बादली उचलून आणली, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि बादली उपडी केली. आपण काय टाकतो ते आधी बघू, म्हणाली. सगळा वर्ग ताठ बसला. कागद निघाले, चहाचे कप निघाले, सालं निघाली, आणि एक अख्खा जेवणाचा डबा रिकामा केलेला निघाला. भात, भाजी, आणि फुलांसारखे नक्षीदार कापलेले गाजराचे तुकडे, एकाला दात लागलेला नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वर्गात तोच प्रकार, तिसऱ्या दिवशीही तोच. रोज भात, रोज गाजराची फुलं. तिसऱ्या दिवशी पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, बाई, अशी फुलं आमच्या शेजारच्या काकू कापतात.

त्या काकू म्हणजे इतिहासाच्या सरांची बायको. सर रोज डबा बादलीत रिकामा करून उपाहारगृहात तळलेलं खायचे आणि रिकामा डबा घरी न्यायचे. संध्याकाळपर्यंत ही बातमी काकूंपर्यंत पोचली. डबा बंद झाला, आणि म्हणतात की बराच काळ बोलणंही बंद होतं. वहिनीला यातलं काही कळलंच नाही. ती घरी येऊन कौतुकानं सांगत होती की मुलांनी किती छान निरीक्षण केलं. दुसऱ्या दिवशी ती शिक्षकांच्या खोलीत शिरली तेव्हा इतिहासाचे सर वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, आल्या कचराबाई. सगळे हसले. ज्यांचे डबे त्याच बादलीत जात होते ते जास्त हसले.

आता खरं सांगायचं तर तिच्यासोबत राहणं काही सोपं नव्हतं. लोकांच्या दोरीवर कपडे वाळतात, आमच्या दोरीवर दुधाच्या पिशव्या वाळायच्या. भाज्या धुतलेलं पाणी झाडांना, तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, आणि आंघोळीला कुणी जरा जास्त वेळ लावला की दारावर टकटक. माझं लग्न झालेलं नाही. झालं असतं तर त्या बिचाऱ्याचं काही खरं नव्हतं असं आई म्हणते, त्यामुळे मी याच घरात आहे आणि ती टकटक मी वर्षानुवर्षं ऐकली आहे. आई तर तिला सुनावायची, जगाचा कचरा मागून उचल, आधी कोपऱ्यातला उचल. दादा, म्हणजे तिचा नवरा, या सगळ्यात मूग गिळून बसायचा. तो एका दुकानात हिशेब बघतो आणि घरीही कुणाची बाजू कुठे मांडायची याचा हिशेबच करत राहतो. वहिनी मात्र हसायची. तिला टोमणा कळायचा नाही, की कळून ती तो धुऊन वाळत घालायची, ते मला कधी ठरवता आलं नाही.

तिला एकच गोष्ट हवी होती. कायम व्हायचं होतं. विद्यापीठात नियम आहे की एखाद्या विषयाचे आठवड्याला ठराविक तास भरले की त्या विषयाला एक कायमची जागा मिळते. वहिनीचे तास भरत आले होते. पुढच्या वर्षी एक नवी शाखा सुरू होणार होती, तिच्या वर्गांचे तास धरले की काम झालं. आणि व्हायचं तर पुढच्याच वर्षी, कारण त्यानंतर तिचं वय अटीबाहेर जाणार होतं. म्हणजे तिनं वर्षभर फक्त गप्प बसायचं होतं. तास घ्यायचे, घरी यायचं, पिशव्या वाळत घालायच्या. एवढं केलं असतं तर आज ती कायम असती. हे मी तिला तेव्हाही सांगितलं होतं.

पण त्याच वर्षी वरून आदेश आला की पर्यावरण हा वेगळा कोपऱ्यातला विषय न ठेवता सगळ्या विषयांत गुंफा, आणि वर्षअखेरीला मूल्यांकन समिती ते बघायला येईल. कुलगुरू घाबरले. पर्यावरण म्हणजे काय हे विद्यापीठात कुणालाच नक्की सांगता येईना, तेव्हा कुणाला तरी कचराबाई आठवल्या. वहिनी पहिल्यांदाच कुलगुरूंच्या दालनात गेली. खुर्ची दिली, चहा दिला, आणि विचारलं की हे करायचं कसं. ती म्हणाली, "मिठासारखं करायचं, सर. चवीत कळलं पाहिजे, ताटात वेगळं दिसता कामा नये." कुलगुरूंना हे इतकं आवडलं की त्यांनी तिथल्या तिथे ते कुलसचिवांना लिहून घ्यायला सांगितलं. मग तिला समन्वयक केलं. समन्वयकाला वेगळा पगार नव्हता. समितीचं पार पडू द्या, मग तुमचं बघतोच, असं मात्र ते म्हणाले.

त्या दिवशी वहिनी घरी चालत नाही, तरंगत आली. मी म्हटलं, तुला हरभऱ्याच्या झाडावर चढवलंय, खाली बघ. ती म्हणाली, "तू परीक्षा विभागात बसून सगळ्यांना नापासच करत असतेस."

मग तिची विभागाविभागांतून वारी सुरू झाली आणि सगळ्यांनी तिची यथेच्छ चेष्टा करून घेतली. भाषेचे सर म्हणाले, आमच्या कवितांत आधीच इतकी झाडं आहेत की वर्गात सावली पडते, आणखी किती घालू. गणिताच्या बाई म्हणाल्या, सफरचंदं मोजायला देते त्याऐवजी रोपं मोजायला देईन, झालं ना तुमचं पर्यावरण. वाणिज्यवाल्यांनी लेखी आदेश मागितला आणि आदेश नेल्यावर त्यावर शिक्का नाही म्हणून परत पाठवलं. इतिहासाच्या सरांनी तिला दारातच उभं ठेवलं. आमच्याकडे मेलेल्या राजांचं चालतं, म्हणाले, कचऱ्याचं नाही. शेजारी बसलेले दोघे हसले.

दुसरी कुणी असती तर आजारपणाची रजा टाकून मोकळी झाली असती. वहिनीनं काय करावं? तिनं स्वतःचा विषय उसवला. इतक्या वर्षांत जमवलेल्या टिपणांतून एकेका विभागाला एकेक धडा कापून शिवून दिला. गणिताला विद्यापीठातल्या गळक्या नळांचं पाणी. वाणिज्याला एका परीक्षेला लागणारा कागद आणि त्याची किंमत. भाषेला घरातल्या म्हाताऱ्यांकडून पाण्याचे जुने शब्द गोळा करायचं काम. आणि इतिहासाला सगळ्यात चांगला, गावातून वाहणारा जुना ओढा कुणी कधी बुजवला त्याचा. आज त्या ओढ्यावर विद्यापीठाचं वाहनतळ आहे आणि म्हणून तिथे दरवर्षी गुडघाभर पाणी साचतं. हा धडा तिचा लाडका होता. तो तिनं मला इतक्या वेळा ऐकवला होता की मी झोपेत म्हणून दाखवीन.

मी तिला विचारलं, सगळे धडे वाटून टाकलेस तर तू काय शिकवणार? ती वाटाणे सोलत होती. म्हणाली की एका बाईनं टाकाऊ तासाला सांगितलेलं कुणी ऐकत नाही, तेच इतिहासाच्या सरांनी सांगितलं तर ऐकतील, आणि वर त्याचे गुणही धरतील. गुण धरणं ही तिच्या मते फार मोठी गोष्ट होती. तासांचं काय, मी म्हटलं. तास वाढले म्हणजे विषय वाढला, ती म्हणाली, आणि विषय वाढला तर त्याला माणूस नको का? मला तिचा राग आला. इतकी शिकलेली बाई, आणि जगाचा साधा व्यवहार तिला कळू नये.

व्यवहार कळला तो इतिहासाच्या सरांना. त्यांच्या वर्गात बाकं जास्त आणि मुलं कमी झाली होती. विभागाचे तास भरत नव्हते, आणि ज्यांचे भरत नाहीत त्यांची बदली दूरच्या उपकेंद्रात होणार, असं बोललं जात होतं. भाषेच्या सरांचंही तेच. मग कुणीतरी हिशेब केला की पर्यावरणाचे धडे आपल्या विषयात घेतले आणि त्यांचे तास आपल्या नावावर लागले, तर सगळ्यांचं भागतं. त्या आठवड्यात इतिहासाचे सर आमच्या घरी आले. हातात फळांची पिशवी होती, कापडी. आईच्या पाया पडले, माझी विचारपूस केली, आणि वहिनीला ताई म्हणाले. ताई, ओढ्याचा तो धडा वाचला, डोळे उघडले हो.

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी चहा घेतला, वाळत घातलेल्या पिशव्यांचं कौतुक केलं, आणि उठता उठता म्हणाले की हे सगळं ठरावात बसवून घ्यायला हवं, म्हणजे उद्या कुणी मोडायला नको. प्रत्येक विभाग आपल्या भागाचं पर्यावरण आपणच शिकवेल आणि ते तास त्या विभागाचे धरले जातील. ठराव ताईंनीच मांडावा. ते स्वतः अनुमोदन देतील.

ते गेल्यावर मी म्हटलं, वहिनी, हा माणूस तुला पाण्यात पाहत होता, एकदम देवळात कसा बसवायला निघाला? ती म्हणाली, माणसं बदलतात. आईसुद्धा म्हणाली की फळं चांगली आहेत.

विद्वत सभेत तासिकावाल्यांना बसायलाही मिळत नाही, मग ठराव मांडणं तर दूरच. पण वहिनीसाठी खास परवानगी काढली. तिला त्याचं इतकं अप्रूप की आदल्या दिवशी तिनं घरात रंगीत तालीम घेतली. आई कुलगुरू झाली. तिला मोठ्या खुर्चीत बसवलं. दादा इतिहासाचे सर, मी बाकीचे सगळे सभासद. वहिनीनं उभं राहून ठराव वाचला, दादानं घोगऱ्या आवाजात अनुमोदन दिलं. आईला भूमिका फारच मानवली. तिनं चष्मा पुसला, खर्च किती येईल म्हणून विचारलं, आणि खर्च नाही म्हटल्यावर खुर्चीच्या हातावर थाप मारून मंजूर म्हणाली. आम्ही खूप हसलो. लग्न होऊन आल्यापासून आईनं तिची एखादी गोष्ट अशी एका फटक्यात मंजूर केल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सभेतही तो तसाच मंजूर झाला. एकमतानं. टाळ्या झाल्या असं म्हणतात.

समिती आली त्या दिवसाचं काय सांगावं? आदल्या दिवशी रोपवाटिकेतून कुंड्या भाड्यानं आणून जिन्याच्या दोन्ही बाजूंना लावल्या होत्या. प्लास्टिकचे कप लपवले. वहिनीला एक टेबल दिलं आणि त्यावर एक पाटी, पांढरी, जाड प्लास्टिकची, निळ्या अक्षरात ‘समन्वयक, पर्यावरण शिक्षण’. नाव घालायला वेळ नव्हता म्हणे. तिला त्याचंही काही नाही, ती येता जाता ती पाटी पदराच्या टोकानं पुसत होती. पण समिती तिच्या टेबलापाशी आलीच नाही. समितीला घेऊन गेले इतिहासाच्या वर्गात, आणि तिथे सरांनी ओढ्याचा धडा घेतला. मी दाराबाहेर उभी होते. वहिनीचं वाक्यन् वाक्य, तिचे थांबे, तिचा शेवटचा प्रश्नसुद्धा. समितीच्या अध्यक्षांनी सरांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, इतिहासाच्या माणसानं हे करावं, कमाल आहे. सर म्हणाले, चालायचंच, प्रयत्न करतो. वहिनी तेव्हा मागच्या खोलीत स्टीलच्या पेल्यांत चहा ओतत होती, कारण पेले धुऊन परत वापरायचे असतात हे शिपायांना सांगूनही कळत नव्हतं.

विद्यापीठाला वरची श्रेणी मिळाली. त्या रात्री वहिनीनं घरी सगळ्यांना आवडीचं जेवण केलं. विद्यापीठात झालेल्या जेवणाला तिला बोलावलं नव्हतं, ते कायम शिक्षकांसाठी होतं.

मग सुट्टी लागली आणि नेहमीप्रमाणे ती आदेशाची वाट बघू लागली. नवं वर्ष सुरू झालं तरी आदेश नाही. ती म्हणाली, या वेळी कायमचा निघायचाय, वेळ लागणारच. मी वेळापत्रक पाहिलं होतं. त्यात पर्यावरण नावाचा रकानाच नव्हता. मी तिला सांगितलं तर ती म्हणाली, छपाईची चूक असेल, आणि कुलसचिवांकडे निघाली. मी हातातलं काम टाकून तिच्या मागोमाग गेले.

कुलसचिव सभ्य माणूस. त्यांनी आम्हा दोघींना बसायला सांगितलं आणि पंखा वाढवला.

"मॅडम, ठराव तुमचाच आहे," ते म्हणाले. "पर्यावरण आता सगळ्या विषयांत गेलं. वेगळा विषय राहिला नाही. विषय नाही तर तास नाहीत. तास नाहीत तर मी आदेश कशावर काढू?"

"पण समन्वयक आहे ना मी," वहिनी म्हणाली.

"ती जबाबदारी कायम शिक्षकाकडेच असते. समितीपुरती तुमच्याकडे दिली होती." मग त्यांना काहीतरी आठवलं आणि ते कौतुकानं म्हणाले, "तुम्हीच म्हणाला होतात की मॅडम, मिठासारखं. ताटात वेगळं दिसायला नको. बघा, नाही दिसत."

त्यांना टोमणा मारायचा नव्हता. मारला असता तर मला भांडता आलं असतं. ते खरोखरच तिचं कौतुक करत होते, आणि वहिनीनं मान हलवली आणि थँक यू म्हणून उठली. बाहेर आल्यावर मी तोंडाचा पट्टा सोडला. गरज सरो, वैद्य मरो, म्हटलं, आता तरी कुणाच्या दारात जाऊन ओरड. ती इतिहासाच्या सरांकडे गेली, पण ओरडली नाही. सरांनी तिला पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले की त्यांनाही फार वाईट वाटलं, पण तास काही त्यांचे स्वतःचे नाहीत, विभागाचे आहेत, आणि विभागाचं काही देऊन टाकणं त्यांच्या हातात नाही. या वेळी ते तिला ताई म्हणाले की मॅडम, हे मला आठवत नाही. बहुतेक मॅडम.

वहिनी घरी बसली. दादा म्हणाला, चला, आराम कर आता. आई म्हणाली, तरी मी म्हणत होते, आणि काय म्हणत होती ते सांगितलं नाही. वर्षानुवर्षं जी बाई अर्ध्या बादलीत आंघोळ उरकायची तिनं एक दिवस नळ तसाच वाहता ठेवला आणि शेजारी उभी राहून नुसतं बघत राहिली. मी जाऊन बंद केला. मला ते बघवलं नाही.

दोन-तीन महिन्यांनी सरांचा फोन आला. ओढ्याच्या धड्यावर मुलं प्रश्न विचारतात, जरा एक तास येऊन जाल का. मानधनाची सोय नाही, पण प्रमाणपत्र देऊ. आणि तुम्ही ते बादलीचं करायचात ना, ते करा, मुलांना मजा येते. मी म्हटलं, वहिनी, गेलीस तर माझ्याशी बोलू नकोस. ती म्हणाली, "वन्सं, प्रश्न मुलांनी विचारलाय." आणि कपाटातून तिची तासाला न्यायची कापडी पिशवी काढली.

मी बोलणं तोडणार होते, पण त्या दिवशी मीच वर्गाच्या मागच्या बाकावर जाऊन बसले. वर्ग भरलेला होता, आता गुण धरले जातात म्हणून. सरांनी तिची ओळख करून दिली. त्यांना आधी तिचं आडनाव आठवेना, मग म्हणाले, "आज आपल्याकडे एक पर्यावरणप्रेमी गृहिणी आल्या आहेत. घरच्या घरी त्या खूप काही करतात. दुधाच्या पिशव्यासुद्धा धुऊन वाळवतात." वर्ग हसला. वहिनीही हसली. मी त्या बाकाच्या फळीत नखं रुतवून बसले होते.

तिनं ओढ्याचा प्रश्न समजावला, नीट, शेवटच्या बाकापर्यंत आवाज जाईल असा. मग सरांनी शिपायाला खूण केली आणि शिपायानं बादली आणली. सरांनी काळजी घेतली होती. कुणाचा डबा, कुणाची सालं निघायला नकोत म्हणून त्यांनी शिपायाला सांगितलं होतं की कोरडंच काहीतरी भरून आण, साफसूफ, हात घाण न होणारं. शिपाई असलं कुठून आणणार? व्हरांड्यातल्या कपाटातला एक खण कुणा नव्या शिक्षकासाठी रिकामा करायचा होता. त्यानं त्यातलं उचललं आणि बादलीत घातलं. त्याच्या मनात काही नव्हतं, हे मी त्याला नंतर उभं करून विचारलं आहे.

वहिनीनं टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि बादली उपडी केली. तिनं हातानं काढलेले तक्ते निघाले. तिचा खडूंचा डबा निघाला. फळा पुसायचं फडकं, आमच्या जुन्या चादरीचं, ते मी शिवून दिलं होतं. तिचा स्टीलचा पेला निघाला. चष्म्याचं जुनं घर निघालं, त्यात सुट्टीआधी हरवली म्हणून तिनं घर डोक्यावर घेतलं होतं ती घरच्या कपाटाची किल्ली. आणि सगळ्यात शेवटी ती पांढरी पाटी.

सरांना काही कळलं नाही, ते मुलांकडे बघून हसत होते. मग तिनं बाह्या वर केल्या आणि नेहमीसारखी सुरुवात केली. हे काय? कागद, मुलं म्हणाली. कागद इकडे. हे? कापड. हे? धातू. एकेक वस्तू उचलून ती मुलांना विचारत होती आणि मुलं आनंदानं ओरडत होती, आणि ती स्वतःच्या हातानं स्वतःच्याच वस्तू वेगवेगळ्या ढिगांत लावत होती. पेला धातूत. फडकं कापडात. तक्ते तिनं चार घड्या घालून कागदात ठेवले. मला उठून तिला ओढत बाहेर न्यावंसं वाटत होतं, पण मी बाकावरच बसून राहिले.

शेवटी पाटी राहिली. पुढच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, प्लास्टिक आहे बाई, टाकून द्या.

वहिनीनं ती उलटी केली, पदरानं पुसली आणि वर्गाला दाखवली.

"नाही," ती म्हणाली. "मागची बाजू कोरी आहे. अजून वापरता येईल."

आणि ती तिनं वेगळी काढून सरांच्या हातात दिली. सरांनी मुलांना टाळ्या वाजवायला सांगितल्या. प्रमाणपत्र छापून यायचं होतं, ते नंतर पाठवू म्हणाले. अजून आलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात गुणपत्रिकांच्या कामाला मी इतिहास विभागात गेले. सरांच्या टेबलावर ती पाटी उभी होती. मागची बाजू नाही, पुढचीच. नाव नव्हतंच तिच्यावर, त्यामुळे काही खोडावंही लागलं नव्हतं.

घरी आल्यावर मी वहिनीला ते सांगितलं. सांगायला नको होतं असं दादा म्हणतो, पण मी काही त्याच्यासारखी गिळत नाही. ती दोरीवरच्या पिशव्या काढत होती. म्हणाली, चला, कचऱ्यात गेली नाही. मला त्या क्षणी तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मी दिली नाही, आत जाऊन भांडी घासायला घेतली आणि नळ पूर्ण सोडला, जितका सुटेल तितका. कितीतरी वेळ तो तसाच वाहत होता. दारावर टकटक झाली नाही.